दयाळाचं उत्तर

दयाळ पुन्हा स्पीकरवर तुटून पडला. त्याने चोच आपटली, मग कठड्यावर जाऊन शेपटी ताठ उभारली आणि असा काही गायला, की ध्वनिमुद्रकाने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. "वा रे पठ्ठ्या!" तो पुटपुटला.

ही धंद्यातली युक्ती. अंगणात दयाळाचं जुनं गाणं थांबून थांबून वाजत ठेवायचं. खरा दयाळ धावत येतो आणि दुप्पट जोराने गातो. स्टुडिओत मुलांसाठी बोलक्या गोष्टी तयार व्हायच्या आणि त्यांना पक्षी कितीही आणा, कमीच पडायचे. गोष्टीत अनाथ पोर आलं की मागे पक्षी. ते पोर देवाघरी गेलं की पुन्हा पक्षी. "इथे जरा निरागस वाटू दे रे, एक पक्षी टाक," मालक म्हणायचे, चिमूटभर मीठ टाक म्हणावं तसं.

"किती खुशीत आहे ना?" ध्वनिमुद्रकाने आपल्या मुलीला विचारलं.

चिऊ पायरीवर बसली होती. नऊ वर्षांची पोर. ती एकटक पक्ष्याकडे बघत होती.

तिची आई त्याच स्टुडिओत गोष्टी वाचायची. काय आवाज होता बाईचा! एके दिवशी बॅग भरली आणि गेली, दुसऱ्या माणसाबरोबर, दुसऱ्या गावी. लेक जेवली का, झोपली का, एका शब्दाने चौकशी केली नाही. हे पोरीला कुठल्या तोंडाने सांगायचं? त्याने सांगितलं, आई कामासाठी लांब गेलीय, तिथून बोलता येत नाही, निरोप तेवढे पाठवते.

निरोप तो स्वतःच बनवायचा. चिऊ शाळेत गेली, की बायकोच्या जुन्या वाचनातून शब्द वेचत बसायचा. इथून ‘जेवलीस का’, तिथून ‘आठवण येते’. हात असा बसलेला, की सांधा कुठे म्हणून दिसायचा नाही. फक्त ‘बाळा’ काही साफ मिळेना. तेवढ्या मायेने ती हा शब्द एकदाच बोलली होती, अस्वलाच्या गोष्टीत, आणि तिथे मागे दयाळाचं हेच जुनं गाणं टाकलेलं होतं. आता तो आवाज निघणार कसा? त्याने राहू दिला. आई आहे तिथे झाडं खूप आहेत, असं ठोकून दिलं.

दर रविवारी चिऊ निरोप ऐकायची आणि उत्तर म्हणून माइकसमोर एक गाणं म्हणायची. "पाठवतो हं," तो म्हणायचा. पाठवतो कसला! सगळी गाणी त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये पडून होती. ती गात असताना तो दाराआड उभा राहायचा. पोर किती भोळी, असं मनात येऊन त्याला अपराधी वाटायचं. पण गाणं झालं, की जिवाला जरा थारा मिळायचा, आणि त्या दिवशी तो नीट जेवायचा. एरवी ताटातलं ताटातच. चिऊला कळलं तर ती कोसळेल, या एका धास्तीने त्याला पोखरलं होतं.

दयाळाचं काम खरं तर दोन दिवसांतच झालं होतं. पण हाव वाईट. याहून चांगलं मिळेल म्हणून त्याने स्पीकर आठवडाभर चालू ठेवला. पक्षी खाणंपिणं सोडून तिथेच.

रविवारी सकाळी चिऊने त्याला हाताला धरून कुंपणाच्या भिंतीपाशी नेलं. भिंतीतल्या भोकातून दयाळाच्या घरट्याचं गवत बाहेर ओढलेलं होतं. खाली पिसं पडली होती. मांजरीने एकही पिल्लू ठेवलं नव्हतं. मादी तारेवर बसून कर्कश ओरडत होती आणि नर तिकडे स्पीकरला उत्तर देत होता.

"तो कुणाशी बोलतोय, बाबा?"

"डब्यातल्या आवाजाशी." त्याला तिच्याकडे बघवेना. "त्याला वाटतंय, दुसरा नर घरात घुसलाय. त्याला हुसकावून लावतोय."

"म्हणजे खुशीत नव्हता."

"नाही."

"आणि डब्यात कुणीच नाहीये."

"नाही गं."

त्याने जाऊन स्पीकर बंद केला. दयाळ तरी गातच होता. लाज वाटून तो चिऊला घेऊन आत आला आणि पोरीचं मन दुसरीकडे वळवायला त्याला दुसरं काही सुचेना. "चल, आईचा निरोप आलाय," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

‘बाळा, जेवलीस का? आठवण येते.’

त्याने माइक पुढे सरकवला. चिऊ गायली नाही.

"हे अस्वलाच्या गोष्टीतलं ‘बाळा’ आहे," ती म्हणाली. "मागे तुझा दयाळ आहे."

तो खुर्चीत बसला.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच निरोपाला. ती गोष्ट मला पाठ आहे, बाबा."

"अगं, मग दर रविवारी गात का होतीस?"

चिऊने खिडकीतून बाहेर बघितलं. कठड्यावर दयाळाचं चाललंच होतं.

"तू दाराआड असायचास ना," ती म्हणाली. "मी गायले, की तुला वाटायचं, हिला काही कळलेलं नाही. मग तू जेवायचास."