टॉवेलला भिणारा पैलवान

"रणधीरदादा, तुम्ही टॉवेलला भेता व्हय?"

कर्ण्यातून हा सवाल ढोकीच्या पार फाट्यापर्यंत गेला. पटांगणात बसलेल्या माणसांच्या माना गर्रकन वळल्या. हर्षालीच्या मागं निकिता आणि चैताली तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. स्वागतगीत झाल्यावर माइक हर्षालीच्याच हातात राहिला होता. "विचारून दाखव, उद्याच्या शेंगापोळ्या तुझ्या," ही पैज त्या दोघींचीच.

मागच्या वर्षीपर्यंत हर्षालीचा आवाज वर्गात "हजर" म्हणतानासुद्धा घशात बसायचा. यंदा ती दहावीत आली, शाळेच्या कुस्तीच्या संघात गेली आणि आवाज वासरासारखा मोकाट सुटला. पण अणदूरच्या जत्रेत मुलींच्या कुस्त्या होणार होत्या, त्यातून तिच्या वडलांनी, आण्णांनी, तिचं नाव परवा परस्पर काढून टाकलं होतं. त्यावर मात्र ती अजून एक शब्द बोलली नव्हती.

सवाल काही उगीच नव्हता. रणधीर गावचाच गडी. जाळीच्या पिंजऱ्यात उतरायचं, आत लाथा, बुक्क्या, कुस्ती, सगळं चालतं, अशी ती एमएमएची लढत. त्यावरच त्याचं पोट. मान रेड्याची, कान भज्यासारखे फुगलेले. उसाच्या ट्रॉलीचं स्टेज करून गावानं त्याचा सत्कार मांडला होता. सरपंच तात्याराव टॉवेल-टोपी घेऊन पुढं झाले. टोपी त्यानं गुमान घालून घेतली. टॉवेल खांद्याजवळ आला, तसा गडी खाली बसून बगलेतून निसटला. टॉवेल जाऊन पडला मुख्याध्यापकांच्या डोक्यावर. लोकांना वाटलं, डाव दाखवतोय. टाळ्या पडल्या.

तात्यारावांनी उभ्या आयुष्यात एक सत्कार अर्धा सोडला नव्हता. त्यांनी टॉवेल उचलला, झटकला आणि कोंबडी धरायला जावं तसे दबकत निघाले. रणधीर डावीकडं वाकला. तात्याराव उजवीकडून आले. रणधीर खुर्च्यांच्या मागं गेला.

"धरा रे त्याला," तात्याराव म्हणाले. "सत्कारमूर्ती हाय, मोकळा जाता कामा नये."

चौघं ट्रॉलीवर चढले. पिंजऱ्यात जो कुणाच्या बापाला घावत नव्हता, तो एका सुती टॉवेलापायी ट्रॉलीच्या चाकावर पाय ठेवून पळायच्या बेतात होता. तेवढ्यात हा सवाल.

रणधीर थांबला. ट्रॉलीच्या कडेला येऊन उकिडवा बसला. हर्षालीनं माइक वर धरला.

"व्हय," तो म्हणाला. "भेतो."

कुणी हसलं नाही.

"मार खायला मला काय वाटत न्हाय, ताई. समोरचा मारायलाच आलेला असतो, त्याचा राग कशाला? नाक फुटलं, रगत पुसायचं, परत उभं राह्यचं. खरं सांगू का, लई मजा येती. पण जाळीच्या भाईर आपला कोच बसलेला असतो, टॉवेल घेऊन. त्याला वाटलं की आपल्या पोराला आता झेपंना, तर तो टॉवेल आत फेकतो. टॉवेल पडला की लढत बंद, आपण हरलो. मागच्या लढतीत मी अजून उभा होतो. आन् टॉवेल येऊन पायात पडला."

"मायेनंच टाकला असंल की," मुख्याध्यापक म्हणाले.

"मायेनंच टाकतेत, सर. म्हणून तर भ्या वाटतं. समोरच्याला उलटून मारता येतं. मायेला काय मारायचं?"

तात्यारावांनी हातातल्या टॉवेलाकडं बघितलं. त्याची नीट घडी घातली.

"मग शाल चालंल का?"

"चालती की."

"शाल आमदारासाठी ठिवलीय," मागून कुणीतरी आठवण केली.

"आमदार कुठं आलाय? आण इकडं."

शाल खांद्यावर पडली. रणधीर जागचा हलला नाही. मग मात्र गाव पोट धरून हसलं. निकिता माइक परत दे म्हणून खुणावत होती.

हर्षालीनं दिला नाही. ती पहिल्या रांगेकडं बघत होती. तिथं तिची आई श्रीदेवी आणि आण्णा, म्हणजे महारुद्र, बसले होते. तालुक्याच्या स्पर्धेत हर्षाली पहिल्याच कुस्तीत चितपट झाली होती. काय झालं ते कळायच्या आत पाठ टेकली होती. उठली ती हसतच. पण आण्णांना फक्त टेकलेली पाठ दिसली. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. शाळेत गेले, कुस्तीच्या सरांना सांगून अणदूरचं नाव काढलं आणि येताना तिच्या आवडीची जिलबी घेऊन आले. "लेकराचे हाल बघवंनात," एवढंच म्हणाले. आईनं डोळे पुसले. हर्षालीनं जिलबी खाल्ली, गोड लागली. पण राग धरावा तर कुणावर, तेच तिला कळत नव्हतं.

"आई, आण्णा," ती म्हणाली. कर्णा परत घुमला. श्रीदेवीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. महारुद्र खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

"मी अणदूरला जाणार. सरांना आत्ताच सांगते, नाव परत घाला म्हणून. जिंकंनच असं न्हाय. पण हरायचं झालं तर मी हरंन. तुम्ही माझ्या आधी हरू नका."