मागची सीट

बावीस वर्षं बाबांनी साहेबांची गाडी चालवली, पण तिच्या मागच्या सीटवर कधी टेकले नाहीत. साहेबांनी नवी गाडी घेतली, बाबांना रिटायर केलं. तेव्हा ती जुनी, काळी, परदेशी गाडी बाबांनी फंडाचे पैसे घालून विकत घेतली. माझ्यासाठी. मला लायसन्स मिळून आठच दिवस झाले होते.

"अहो, एवढ्यात नवी छोटी आली असती," आई कुरकुरली.

"पोरगी शिकेल तर हिच्यावरच," बाबा म्हणाले.

गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी स्टिअरिंगवर बसले आणि बाबांना मुद्दाम मागे बसवलं. ते लाजले. मग कितीतरी वेळ सीटवरून नुसता हात फिरवत राहिले. म्हणाले, "साहेबांना पेढे देऊन येऊ."

साहेब फाटकातच उभे होते. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "बरं झालं आलास, पाटोळे. नव्या ड्रायव्हरनं दांडी मारलीय. क्लबात सोड मला."

मी चांगलं सुनावणार होते. तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज आला. बाबा खाली उतरले होते. एका हातानं दार धरून, दुसरा हात वरच्या कडेला लावून उभे होते. साहेबांचं डोकं आपटू नये म्हणून.

साहेब ऐसपैस बसले. बाबांनी दार अलगद लावलं, माझ्या शेजारी येऊन बसले आणि समोर बघतच कुजबुजले,

"गचके देऊ नकोस हं. साहेबांना खपत नाहीत."