ओटीतले चार दाणे

रुख्मिणी दरीच्या काठावर बसली होती आणि तिच्या मांडीवर सासूनं दिलेली ओटी होती. हिरवा खण, त्यात तांदूळ, वर नारळ आणि कुंकवाची पुडी. समोर देवी नव्हती. समोर तांबड्या कोरड्या खडकांची दरी होती, आणि पौषातल्या त्या सकाळी ती काठोकाठ धुक्यानं भरली होती.

देवी होती माहूरला, नागपूरच्या दक्षिणेकडे. जीप आली होती उत्तरेला, छिंदवाड्याच्याही पुढं. घरी मात्र माहूर सांगितलं होतं. नागपुरात इतवारीतल्या भांडीवाल्यांच्या घरात सुनेला देवीसाठी दोन दिवस मिळतात, दरीसाठी मिळत नाहीत. खोट्याचा सगळा हिशेब तिनं नीट जुळवला होता. एवढंच विसरली, की देवीला निघालेल्या बाईच्या हातात कोणीतरी ओटी ठेवणारच.

"काल तंबूत उशाशी घेऊन झोपली, आज मांडीवर," कांताबाई चुलीजवळून म्हणाल्या. तिघी एकाच शाळेतल्या मास्तरणी. त्यात कांताबाई वयानं मोठ्या, आणि तंबूही त्यांनीच शाळेच्या गाइड पथकाचा आणला होता. "त्यात काय एवढं? नारळ फोडू, खोबरं खाऊ. चार दाणे पुडीत बांध अन् सासूले नेऊन दे. देवी काही मोजून नाही राहिली."

"सासू मोजते."

"मग सीताबर्डीवरच्या एखाद्या देवळात भरून टाक."

"तिथं सारे ओळखीचे. माझ्या आधी बातमी घरी पोचते."

दुसऱ्याच्या अडचणीवर कांताबाईंकडे तोडगा तयार असे. स्वतःच्या घरी त्यांनी 'प्रशिक्षण शिबिर' असं सांगितलं होतं. शिबिराहून कोणी प्रसाद मागत नाही.

प्रेमिला जीपच्या काचेवरचं दव पुसत होती. जीप तिच्या भावाची, आणि इथवर चालवत तिनंच आणलेली. तिनं घरी खरं तेच सांगितलं होतं. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव गेले, आणि देवांबरोबर ही सबबही गेली.

"तशीच परत ने," ती म्हणाली. "म्हण, लय गर्दी होती."

"हा खण तिच्या पेटीतला आहे वं. स्वतः जाईन म्हणून ठेवला होता इतके वर्ष. आता गुडघे चालत नाहीत." रुख्मिणीनं खणाची घडी उगाच सारखी केली. "निघताना म्हणे, माझ्या नावानं भरजो, अन् ओटीतले चार दाणे परत आणजो, तांदळाच्या कोठीत टाकीन. सासूले फसवलं, ठीक आहे. तिनंही मले काही कमी नाही फसवलं. पण माझ्याच हातातले दाणे देवीचे म्हणून कसे देऊ?"

कांताबाईंनी चहा गाळायला गाळणी हातात घेतली. धुक्याच्या तळाशी कुठंतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजली, पाण्याखाली वाजावी तशी. पलीकडचा काठ दिसत नव्हता. तो आहे की रात्रीतून कोणी उचलून नेला, हेही सांगता आलं नसतं.

रुख्मिणी गुडघ्यांवर पुढं सरकली.

"काय करून राहिली?" प्रेमिलानं फडकं टाकलं.

"ओटी भरते."

"कोणाची?"

रुख्मिणीनं हनुवटीनं समोर दाखवलं. "पाह्य नं, ही दरी. पदर पसरूनच त बसली आहे."

"अवं, पडशीन!" कांताबाई ओरडल्या. तोवर प्रेमिलानं धावत जाऊन मागून तिच्या कमरेला मिठी घातली होती.

"हात जोडाले मले सांगू नको," ती रुख्मिणीच्या पाठीशी पुटपुटली.

"तू धर फक्त."

रुख्मिणीनं खडकाला कुंकू लावलं, सासूचं नाव घेतलं आणि दोन्ही हातांनी ओटी सोडली. नारळ धुक्यात बुडाला. तिघी कान देऊन ऐकत राहिल्या. आवाज आलाच नाही.

"पोचलं का नाही अजून?" कांताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. चहाची गाळणी तशीच हातात होती.

तेवढ्यात ऊन दरीत उतरलं. खालून वारा चढू लागला, धुकं हललं आणि थंड, ओलं असं वर येऊन तोंडाला लागलं. त्यातून खण वर आला. मोकळा, रिकामा, हिरवागार, कसलीही घाई नसलेला. तिघींच्या डोळ्यांसमोर तो क्षणभर थांबला, कोणी पाठवलं होतं ते पाहावं तसा, आणि वळून दरीवरून पलीकडे निघून गेला. त्याच्यामागून वाऱ्यानं काहीतरी बारीक फेकलं. तंबूवर, जीपच्या टपावर, तिघींच्या डोक्यावर ते टपटप वाजलं.

कांताबाईंनी गाळणीसकट हात जोडले.

"वारा आहे तो," प्रेमिला म्हणाली. "ऊन पडलं का हवा वर चढते. सातवीच्या पोरींले मीच शिकवते."

"असू दे. हालू नको."

रुख्मिणी प्रेमिलाच्या केसांतले तांदळाचे दाणे वेचू लागली. सासूनं चार मागितले होते. तिनं चारच घेतले, पाचव्याला हात लावला नाही, आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

बाकीचे प्रेमिलाच्या वेणीत तसेच राहिले. चहा झाला, तंबू उतरला. जीपमध्ये बसून तिनं आरसा सारखा केला तेव्हा ते तिला दिसले. तिनं ते झटकले नाहीत. गाडी सुरू केली आणि पहिल्या वळणापर्यंत मान अगदी सरळ ठेवली.