बंबाची नात

सोनुबाईनं किटली उचलून डोळ्याला लावली आणि तिच्या पोटातनं आरपार बघितलं. मधोमध धुराडं, त्याच्याभोवती पाण्याची जागा, आणि जाळाची सुटी वाटी खाली जमिनीवर. दुसऱ्या टोकाला तिला नवऱ्याचा डोळा दिसला.

"ही तर आपल्या बंबाची नात की गं!" मायाप्पा म्हणाले.

उपासनाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. आजचं काम हसण्यावारी न्यायचं नव्हतं. जून लागला होता. नदी चढली की बोरगावातली ही सगळी गल्ली शाळेच्या माडीवर जाते, आणि तिची आई तेवढी जात नाही. गेल्या पुरात नाववाले दोनदा दारात येऊन हात हलवत परत गेले. सोनुबाई न्हाणीतल्या बंबाशेजारी ठाण मांडून बसली होती, आणि बायकोपायी मायाप्पाही. पाणी उंबऱ्याला लागून थांबलं म्हणून निभावलं. निपाणीला बँकेत अडकलेल्या उपासनाचा दोन दिवस जीव टांगणीला लागला होता.

यंदा तिनं आईला शब्दात पकडलं होतं. सोनुबाईची अट एकच होती. "सकाळी तोंड धुवायला ऊन पानी आनि जाळावरचा च्या. शाळंत मिळत असंल तर येतो. न्हायतर न्हाय." म्हणून उपासनानं बेळगावच्या ओळखीच्या दुकानदाराकडून काटक्यांवर चालणाऱ्या दोन किटल्या नमुन्याला आणल्या होत्या. एक हलकी, चार कपांची. दुसरी चांगली जडशीळ. तिचा डोळा हलकीवर होता.

परसात दोन्ही शेजारी शेजारी पेटवल्या. मायाप्पा काटक्या मोडून धुराड्यातनं आत टाकत होते. हलक्या किटलीनं चार मिनिटांत वाफ सोडली.

"बघ आई, ग्यासलाबी जमायचं न्हाय!" उपासना म्हणाली.

सोनुबाईनं मान डोलावली, पदराच्या टोकानं किटली उचलली, एक पेला भरला आणि परसाच्या बुटक्या भिंतीवरनं पलीकडे दिला. पलीकडे यशोदाबाई राहायची. एकटी, गुडघ्यांनी अधू, आणि सोनुबाई लग्न होऊन आली त्या दिवसापासूनची शेजारीण. पेला दिला आणि सोनुबाईनं लगोलग तांब्याभर गार पाणी किटलीत ओतलं.

"अगं आई, आत्ता कुठं उकळलंय! परत गार केलंस की!"

"ऊन पानी काढलं की गार घालायचं. मागच्यानं काय गार पान्यानं न्हायाचं?"

बंबाचा हा नियम त्या घरात कुणी मोडला नव्हता. शाळेची घंटा वाजत असली तरी उपासना आधी घागर ओतायची, मग पळायची. पण बंबाला हात जाईल एवढं तोंड असतं. या किटलीचं तोंड अंगठ्याएवढं. तांब्यातलं निम्मं पाणी बाहेर सांडलं, खालच्या वाटीत गेलं आणि जाळ चर्र करून विझला.

मायाप्पा पुन्हा फुंकायला बसले. पुन्हा किटली उकळली, सोनुबाईनं पुन्हा पेला काढला, पुन्हा तांब्या ओतला. चर्र. तिसऱ्या खेपेला मायाप्पा धुरानं आलेलं डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "माझा च्या आता पूर वसरल्यावरच मिळंल वाटतं."

उपासना वैतागली. "आई, ही तुम्हा दोघांपुरती हाय. दोन कप काढायचे, झालं. तुझ्या मागं हाय कोन?"

सोनुबाईनं नुसतं भिंतीकडे बघितलं. पलीकडे यशोदाबाई एका हातानं भिंतीचा आधार घेऊन, दुसऱ्या हातातल्या पेल्यावर फुंकर घालत उभी होती.

उपासनाच्या आता ध्यानात आलं. गेल्या पुरात यशोदाकाकूही गेली नव्हती. तिला माडी चढवत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि आपण वर्षभर त्या बिचाऱ्या बंबावर राग धरून बसलो.

तिनं मोठी किटली आईपुढं सरकवली. सोनुबाईनं पेला काढला, वरच्या ऐसपैस तोंडात तांब्या ओतला. थेंब सांडला नाही. खाली जाळ आपला जळत राहिला.

"हीच ठेव," सोनुबाई म्हणाली.

"वजन लई हाय पर. माडीवर कोन नेनार?"

"तुझा बाप."

"आनि यशोदाला?" मायाप्पांनी घाईनं विचारलं. न जाणो, तीही त्यांच्याच वाट्याला यायची.

"तिला आपला भीमरत्न न्हेईल," सोनुबाई लेकीकडे वळून म्हणाली, "खुर्चीत बसवून. तुझा भाऊ जिमला जातोय म्हनं, व्हय गं? का नुसताच आरशात बघतोय?"

उपासना आता पोट धरून हसली. सोनुबाई मात्र भिंतीपाशी गेली आणि आवाज चढवून म्हणाली, "यशोदा, औंदा पानी चढलं की आपन शाळंत जायचं. तू, मी आनि ही किटली. न्हाय म्हनायचं न्हाय, सांगून ठेवतो!"

यशोदाबाईनं पेला भिंतीवर ठेवला आणि काठी टेकत घरात निघून गेली. उपासनाचा चेहरा पडला. तिघंही त्या उघड्या दाराकडे बघत राहिले. आत ट्रंकेचं झाकण वाजलं, कसलीशी ओढाताण ऐकू आली.

मग यशोदाबाई बाहेर आली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, काखेत गच्च भरलेली पिशवी. वर आभाळात औषधालासुद्धा ढग नव्हता.

"चल," ती म्हणाली. "कवा निघायचं?"

"अगं बाई," सोनुबाई म्हणाली, "आधी पूर तर येऊ दे!"