कोऱ्या काचा

काचेतून पलीकडचा तलाव स्वच्छ दिसला, तेव्हाच टिपणीसांना कळलं की सगळं संपलं. तरी त्यांनी दुसरी काच उचलली. तिच्यातूनही तलाव दिसला. तिसरीतून तलाव, आणि तलावात डुंबणारी म्हैस. इतक्या लख्ख काचा त्यांनी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. या काचांवर दुधाळ लेप असायला हवा होता, आणि त्या लेपात विश्वाचं रहस्य.

या काचा पेटीत बंद करून फुग्याला बांधल्या होत्या आणि ढगांच्याही वर पाठवल्या होत्या. तिथे अवकाशातून येणारे कण लेपातल्या अणूंना धडकतात. त्या धडकेत मेसॉन नावाचा कण जन्मतो, आणि जन्मला न जन्मला तोच मरतो. मागे राहते एक रेघ, केसाहून बारीक. ती रेघ शोधण्यावर टिपणीसांची पदवी अडली होती, आणि पदवीवर त्यांचं लग्न. फुग्याला यातलं काही माहीत नसल्यामुळे तो भरकटला आणि पेटी चांदा जिल्ह्यात, सावली गावाजवळ एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उतरली.

पेटी सापडल्याचं कार्ड मुंबईला तेव्हाच पोचलं होतं. पण प्रवासाची मंजुरी मिळायला मेसॉनच्या जन्ममरणापेक्षा अंमळ जास्त वेळ लागला.

"कोणी धुतल्या या?" टिपणीसांनी विचारलं.

"मी," इस्तारी म्हणाला.

इस्तारी तलावातली मासोळी धरून विकणारा ढिवर. त्याच्या डोक्यावर नुकते केस उगवत होते. उवा झाल्या असतील, असं टिपणीसांनी मनाशी ठरवलं. शास्त्रज्ञाचं निरीक्षण.

"पेटीवर लिहिलं होतं, उघडू नका म्हणून."

"मले वाचता येत नाई. कय्यूमभाऊनं वाचून देल्लं."

कय्यूमचं सावलीला सायकलचं दुकान होतं. कार्ड त्यानंच लिहिलं होतं, आणि आज साहेबांना बैलगाडीतून तोच घेऊन आला होता. तो म्हणाला, "मी तं बराबर वाचलं, साहेब. आत फोटोच्या काचा हायत. पेटी उघडू नका, आतले फोटो खराब होतील."

"ऐकलं होतंस ना तू?"

"ऐकलं. म्हणूनच तं उघडली."

आता टिपणीसांना सगळा उलगडा झाला. लेपात चांदी असते. गरीब माणसाला चांदीचा वास येतो, हेही त्यांना ठाऊक होतं. कुठून ठाऊक झालं ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

"चांदी कुठं ठेवलीस?"

इस्तारीनं कय्यूमकडे पाहिलं. "साहेब काय म्हणून राह्यले?"

"चांदी कुठी हाय म्हणते."

"चांदी असती तं मी सकाळपासून कमरेइतक्या पाण्यात काऊन उभा राह्यलो असतो?"

कय्यूम हसला. टिपणीस हसले नाहीत. या माणसाला आपण काय केलं ते समजलंच पाहिजे, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तिथंच, जाळी वाळत टाकलेल्या अंगणात, मेसॉनवर व्याख्यान दिलं. मुंबईला या विषयावर त्यांचं कोणी इतकं नीट ऐकलं नव्हतं.

"पापणी लवायच्या कितीतरी आधी मरतो तो," ते शेवटी म्हणाले. "पण रेघ सोडून जातो. तो होता, याची तेवढीच खूण. ती तू धुऊन टाकलीस."

"सुरुवातीले काच कोरीच दिसते?"

"कोरीच दिसते. औषधाच्या पाण्यात घातली की मग रेघ उमटते."

"तेच तं," इस्तारी म्हणाला. "आरमोरीच्या बाजारातला फोटोवाला बी तसाच करते. कोरा कागद पाण्यात बुडवते, मंग माणूस दिसाले लागते. मी तलावात बुडवून पाह्यली. काई नाई आलं. मंग वाटलं, पाणी थंडं हाय. चुलीवर गरम केलं, तं दुधाची साय निघावी तसं समदं निघून गेलं. मंग दुसरी बुडवली. मंग तिसरी."

"पण तुला त्यात पाहायचं काय होतं?"

इस्तारी जाळ्याची गाठ सोडवायला लागला. उत्तर कय्यूमनं दिलं.

"साहेब, पेटी गोकुळाभाभीले, याच्या बायकोले, सापडली होती. तापानं पडली तरी तिनं पेटी उशाशीच ठेवली. कोणाले हात लावू देत नव्हती. म्हणे, साहेब येतीन, त्याइची चीज हाय. तुमची वाट पाहता पाहताच गेली."

"शेवटपर्यंत पेटी तिच्या तोंडाजवळ होती," इस्तारी म्हणाला. "इतक्या जवळून तं बाजारातला फोटोवाला बी काढत नाई. तेरवीले चार माणसं येणार होते, तिचं तोंड तं दिसाले पायजे होतं. मले वाटलं, एखाद्या तरी काचेत असन."

टिपणीसांनी काचा एकेक करून पेटीत ठेवल्या. लेप, किरण, औषध, असे पुष्कळ शब्द त्यांच्याजवळ होते.

"तुमचा तो पापणी लवायच्या आत मरते, अन् त्याचा फोटो निघते," इस्तारी म्हणाला. "गोकुळा तं जिंदगीभर माह्या घरी होती."

कय्यूमनं गाडी जुंपली.

पुढच्या हिवाळ्यात दुसरा फुगा उडाला. तो मुळीच भरकटला नाही. त्याच्या काचांत मेसॉन भरपूर सापडले. टिपणीसांना पदवी मिळाली, लग्न झालं, लग्नात फोटोही पुष्कळ निघाले.

गोकुळाचा फोटो काढायचा राहिला.