जपानचा इतिहास

चिमुकल्या स्वराने वायर ओढली आणि हेडफोन लॅपटॉपमधून निसटून खाली पडला.

"सरदार आले, मिशा पिळून आले," लॅपटॉपमधली बाई खणखणीत आवाजात गायला लागली, "तलवार कमरेला हातभर. बायको सांगे शेजारणीला, गंजली म्यानात वरीसभर."

स्वराने टाळ्या पिटल्या. चारुताने झडप घालून आवाज बंद केला, पण तोवर पडद्यावरची अख्खी जपानी फौज पोट धरून हसून मोकळी झाली होती. तिने मागे पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात दोरीवरून काढून आणलेली स्वराची झबली.

गोजराबाई एडवणची पानवेलीची वाडी दिरावर टाकून सालवडच्या या दोन खोल्यांत आल्या होत्या, त्या फक्त नातीला सांभाळायला. चारुताचा नवरा शैलेश कुंभवलीच्या कारखान्यात, पहाटे जायचा तो दुपार उलटल्यावर यायचा. सुनेचं काम थांबू नये म्हणून सासूने घर सोडलं होतं. काम कसलं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तेव्हा चारुता म्हणून गेली की जपानचा इतिहास मराठीत आणतेय. झालं. तळमजल्यावरच्या भाजीवालीपासून ते एडवणच्या भावकीपर्यंत सगळ्यांना कळलं, की गोजराबाईंची सून इतिहास लिहिते.

इतिहास म्हणावा, तर तो जपान कधी झालाच नव्हता. तो एक गेम होता, फक्त प्रौढांसाठी. एका वेंधळ्या सामुराईने बारा गड जिंकायचे. थोडे डावपेचांनी, थोडे जिभेने. आणि गडागडावरच्या बायांबरोबर त्याचे जे प्रकार चालत, त्यांचे मराठी संवाद चारुता दार लोटून टाइप करायची, पोर झोपली की.

तिसऱ्या गडाच्या मालकिणीकडे फौज नव्हती, नुसती जीभ होती. तिथे चारुता आठ दिवस अडून बसली. ती खानदेशातल्या हेडमास्तरांची मुलगी, माहेरी 'मेल्या' म्हटलं तरी जेवण बंद व्हायचं. तिला कुठून सुचणार? मग एका दुपारी त्या ओळी आपोआप बोटांतून उतरल्या.

उतरल्या कसल्या, चोरल्या. तिच्याच लग्नात तिचे वडील, अप्पा, मांडवात शिरले, तेव्हा गोजराबाई सगळ्या बायकांच्या पुढे येऊन हे गाणं गायल्या होत्या, व्याह्यावर. मांडव हसून हसून लोळला. अप्पाही मान खाली घालून हसले. मुंडावळ्यांआड चारुता मात्र लाजेने मेली होती. आता तिने व्याह्याचा सरदार केला, कोयत्याची तलवार केली, आणि कुणाला सांगितलं नाही.

"आई, मी ते काढून टाकते," काही विचारायच्या आतच ती म्हणाली. तोंड कानापर्यंत तापलं होतं. सासूबाई आज संध्याकाळी पिशवी भरून एडवणला निघाल्या, तर उद्यापासून काम बंद. आणि कशापायी निघाल्या, ते त्या भावकीत सांगणारच.

गोजराबाईंनी झबली पलंगावर ठेवली आणि त्या शेजारी येऊन बसल्या. ही बाई वाईट चालीची आहे का, असं त्यांनी विचारलं. चारुताने सांगितलं, नाही, गडाची मालकीण आहे. एकटी आहे. गाऊन गाऊन फौज परत पाठवते. जातात का? जातात, हसता हसता लढायचं विसरतात. आता लपवण्यात काय अर्थ, म्हणून तिने बाकीच्या अकरा गडांवर काय काय चालतं तेही एका दमात सांगून टाकलं, जमिनीकडे बघत.

"राजेरजवाडे हाय ना," गोजराबाई म्हणाल्या, "मंग असनारच."

त्यांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. ही बाई घाई करते, म्हणाल्या. 'गंजली'च्या आधी थांबायला पाहिजे, लोकांना वाट बघू दे. चारुताला हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरले. न विचारता घेतलं म्हणून तिने माफी मागितली, तर सासूबाईंनी हात झटकला. गाणं त्यांना त्यांच्या मावशीकडून आलेलं, मांडवात कोण कुणाला विचारतं?

मग त्यांनी उगाच पदर सारखा केला. आवाज उतरला. टीव्हीवर शेवटी नावं येतात तशी याच्यातही येतात का? त्यात एक नाव टाकता येईल का? गोजराबाई, एडवण. एवढंच.

चारुता हो म्हणाली, अगदी मनापासून. नावांची यादी उद्याच पाठवायची होती. आनंदाच्या भरात तिने ती लगेच उघडली. उघडली, आणि मग तिला आठवलं.

पण गोजराबाई चौथी शिकलेल्या होत्या. पडद्यावर बोट ठेवून त्या अक्षर अक्षर लावत खाली आल्या. चित्रं कुणाची, आवाज कुणाचा. मराठी संवाद, पुंडलिक.

"हा कोन?"

स्वरा शेजारी नीट बसली होती, तरी चारुताने तिला उचलून मांडीवर घेतलं.

"कोणी नाही, आई. मीच."

गोजराबाई रागावल्या नाहीत. बोट उचललं आणि पडद्यावर उमटलेला त्याचा डाग पदराने पुसून काढला.

"मंग माझं ऱ्हाऊ दे, बाय," त्या म्हणाल्या. "नाव लपवून जेवायला बसतात, त्या पंगतीत मी नाय बसत."