पदक म्हणजे

तिसरा क्रमांक, लाउडस्पीकर म्हणाला.

कांस्यवाल्या पोरी उड्या मारत चौथऱ्यावर चढल्या. शेवटचा सामना जिंकून आलेल्या. त्यांना हसायला काय जातंय. मागच्या रांगेत एक गोलरक्षक टोपीच्या ओल्या नाड्या सोडवत होती. संघात तिला सगळ्या भिंत म्हणायच्या. वॉटर पोलोची अंतिम लढत नुकतीच एका गोलाने गेली होती. तिला मात्र आतून हलकं हलकं वाटत होतं.

पदक आण, मग तू मोकळी, असं घरी ठरलं होतं. तिने कॉलेजही हेरून ठेवलं होतं. भूगर्भशास्त्र. आसपास कुठे तलाव नाही, हे आधी बघितलं, मग विषय.

प्रशिक्षक शेजारी येऊन उभे राहिले. घरी बाबा, तलावावर सर.

"सोमवारी सकाळी लवकर ये. पायांवर काम करू."

"सर, पदक आलं की मी मोकळी म्हणाला होतात."

"पदक म्हणजे सोनं."

"चांदीचंही पदकच असतं ना?"

"चांदी हरून मिळते."

"बाबा, पण शब्द..."

"तलावावर सर."

दुसरा क्रमांक.

ती चढली. मान वाकवली. फीत केसांत अडकली, पाहुण्यांनी जरा ओढली आणि पदक गळ्यात पडलं.

"हसा की जरा," फोटोग्राफर म्हणाला.

तिने दात दाखवले.

पहिला क्रमांक.

जिंकलेल्या पोरींनी आपल्या प्रशिक्षक बाईंना हातापायांना धरून उचललं आणि बूट-शिट्टीसकट तलावात भिरकावलं. जिंकलं की तशी रीतच. बाई पाण्यातून हात हलवत राहिल्या.

सर काठावर पाठमोरे उभे होते, डोक्यात सोमवार. लेकीला लहानपणापासून पाण्यात पाहणारा माणूस. स्वतः कधी भिजलेला नाही.

तिने पदक पाठीवर टाकलं. चालत गेली. दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा राग एकवटून ढकललं.

अख्खं स्टेडियम हसलं.

"दुसऱ्या क्रमांकालाही आनंद झालेला दिसतोय," लाउडस्पीकर म्हणाला. टाळ्या पडल्या. संघातली एक जण येऊन तिच्या गळ्यात पडली. "कमाल आहेस गं भिंत. मला सुचलंच नाही."

सर वर आले. चष्मा गेलेला, केस कपाळाला चिकटलेले. तोंडातलं पाणी थुंकलं, डोळे बारीक केले आणि आधी तिच्या हातांकडे पाहिलं.

"जोर खांद्यातून लावलास. कमरेतून यायला हवा होता."

काठ धरून ते बाहेर आले. कपडे निथळत होते. चालत मघाच्याच जागी गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"हं. परत."